विषाणूंचा रस्सा

एका जंगलात एका म्हाताऱ्या गव्याचा पाय सडला. मुलांनो, चूक त्याचीच होती. जंतूंना उगाच शिव्या देऊ नका.

त्याला सगळे आबा म्हणत. कळपाचे प्रमुख ना. आबांना शिंक आली की ते जंतू मारायची गोळी खात. अपचन झालं, गोळी. जावई येणार म्हटलं, गोळी. बरं वाटलं की उरलेल्या गोळ्या शेजारच्या सांबराला देत. याला ते समाजसेवा म्हणत. जंतूंनी ही गोळी इतक्यांदा पाहिली की ते तिला भिईनासे झाले.

मग आबांच्या खुरात काटा घुसला. पाय सुजला, पू झाला. गोळ्या खाऊन काही होईना. तेव्हा डॉक्टरीण आली. जातीनं पाणमांजर, वयानं लहान, तोंडानं फटकळ. पू तपासायला घेऊन गेली आणि महिन्यानं परत आली, हातात बाटली.

"यात जंतूंना खाणारे विषाणू आहेत," ती म्हणाली. "चार जातींचे मिसळलेत. जंतू एकाच्या तावडीतून सुटला, तर दुसरा धरेल. तुम्हाला काही करणार नाहीत. रोज जखमेवर ओता."

आबांना 'विषाणू'तलं फक्त 'विष' ऐकू आलं.

"सापडले कुठे हे?"

"नाल्यात. जिथे जंतू, तिथेच त्यांना खाणारे."

"नाल्यातलं पाणी माझ्या पायावर? पोरी, तुझ्या वयाचा होतो तेव्हा मी वाघ पळवलेत."

"तुमच्या पायातल्या जंतूंना तो किस्सा माहीत नाही, आबा."

पाय तर आबांना हवाच होता. लंगड्याला कळपाच्या पुढे कोण चालू देतं? पण अक्कल आपलीच वापरायची होती. डॉक्टरीण गेल्यावर त्यांनी सुनेला हाक मारली.

"अगं, हे चांगलं खळखळून उकळ. मग घालू."

जंगलात चूल कुठली, असं विचारू नका. गोळ्या कुठल्या, ते नाही विचारलंत.

"आबा, बाईंनी उकळायला नाही सांगितलं."

"आमच्यात सगळं उकळूनच घेतात."

आबा रोज ते ओतत राहिले. पाय काळा पडला. पाणमांजर धावत आली. तिनं बाटली हुंगली.

"उकळलं?"

"मग? आम्ही काय अडाणी?"

"यात जिवंत सैन्य होतं, आबा. तुम्ही त्याचा रस्सा केलात."

"मग दुसरं आण."

"तुमच्या जंतूंना खाणारे शोधण्यात महिना गेला. पायाला आता तेवढा दम नाही."

पाय कापावा लागला. आबा येईल त्याला सांगतात, पोरीच्या औषधातच भेसळ होती. कळप मान डोलावतो आणि त्यांना मागे टाकून चरायला निघून जातो.

तात्पर्य: मोठ्यांचा अनुभव कधी वाया जात नाही. वाया जातो तो पाय. आबांना आता तीनच आहेत.