कपाटाची पोहोच

अकरा दिवस आमच्या शब्दकोशाची रोजची नवी नोंद दुसऱ्या संगणकाऐवजी लोखंडी कपाट घेत होतं. पेणच्या आमच्या कार्यालयात हे कुणाच्याच लक्षात आलं नाही, आणि त्यात मोठा वाटा माझा आहे. आवक-जावक मी बघतो.

आमची पद्धत साधी. पहिल्या संगणकावर काम चालतं. रोज पाच वाजता तो दुसऱ्याला त्या दिवशी जेवढं नवं झालं तेवढंच देतो. जुनं पुन्हा उगाळत बसत नाही. दुसरा घेतो आणि पोहोच देतो. ती मी वहीत चिकटवतो. वाचत मात्र नाही. पोहोच वाचणारा कारकून मी तरी अजून पाहिलेला नाही.

सोमवारी सकाळी पहिला संगणक गेला. दुरुस्तीवाल्याने उघडून पाहिलं आणि यातून आता काही निघणार नाही, असं सांगून टाकलं. कोशाचं काम करणाऱ्या वैजयंताबाई मटकन खाली बसल्या. मिठागरावरचे जुने शब्द त्या हिराजी आजोबांकडे रोज जाऊन लिहून आणत होत्या. ते शब्द ठाऊक असलेला दुसरा माणूस आम्हाला सापडला नव्हता, आणि शनिवारी आजोबा वारले होते.

"अहो, दुसऱ्याकडे असेल की सगळं," मी म्हणालो.

दुसऱ्या संगणकाला रंगकामासाठी मागच्या खोलीत हलवलं होतं. तिथे जाऊन विचारलं.

"हलवलंत त्या दिवसापासून मला काही मिळालेलं नाही," तो म्हणाला. "मला वाटलं, बाई रजेवर आहेत."

"मग या पोहोचा कुणाच्या?" मी वही त्याच्यापुढे आपटली.

"सही बघा. माझी आहे का?"

नव्हती. अकराही पोहोचांवर ताठ, सरळ अक्षरात 'कपाट' अशी सही होती.

घोळ उघड होता. आमच्याकडे नंबर वस्तूला नसतो, जागेला असतो, भिंतीवर रंगवलेला. 'संगणक क्र. २' हा नंबर रंगाऱ्याने कौतुकाने जपून ठेवला. त्याखाली जागा रिकामी दिसली म्हणून मी कपाट सरकवलं. पहिल्याने पत्त्यावर जो भेटला त्याला दिलं. त्या बिचाऱ्याचं काय चुकलं?

आमचे प्रमुख साठविलकरसाहेब स्वतः कपाटासमोर येऊन उभे राहिले.

"कोशाची नोंद आपल्याकडे आहे का?"

"आहे," कपाट म्हणालं. "लेखी मागणी लागेल."

मी अर्ज केला. कपाटाने तो वाचला आणि तारीख राहिल्याचं दाखवून दिलं. मी तारीख घातली. वैजयंताबाई पदराचं टोक पिळत उभ्या होत्या.

दार उघडलं. अकराही दिवस वरच्या कप्प्यात क्रमाने लावलेले होते. दुसऱ्या संगणकाला उचलून आणलं; त्याने एकेक दिवस ताब्यात घेतला आणि प्रत्येकाची पोहोच दिली. या वेळी मी सगळ्या वाचल्या, दोनदा.

"वाचले रे बाबा!" म्हणून वैजयंताबाई सगळ्यांदेखत रडल्या. मलाही इतकं हलकं वाटलं की मी दुरुस्तीवाल्यालासुद्धा थांबवून घेतलं. साहेबांनी चहा सांगितला. कपाटालाही विचारलं, ते नको म्हणालं.

"एक सांगायचं होतं," ते पुढे म्हणालं. "पाचव्या दिवशी 'मागोटं' या शब्दापुढे अर्थ नाही."

"हो," वैजयंताबाई डोळे पुसत म्हणाल्या. "आजोबांना खोकल्याची उबळ आली. उद्या सांगतो म्हणाले, आणि ते राहूनच गेलं."

"राहिलं नाही. आठव्या दिवशी दुसऱ्याच शब्दाबद्दल बोलता बोलता त्यांनी सांगितलं आहे. तुम्ही त्या शब्दाखाली लिहून घेतलंत. माझ्याकडे सगळे दिवस शेजारी शेजारी होते, म्हणून मला दिसलं."

"काय सांगितलंय?"

"ओहोटी लागली तरी मागे राहतं ते पाणी. मीठ त्याचंच होतं."

वैजयंताबाईंनी ते उभ्या उभ्याच लिहून घेतलं. साहेबांनी फाईल मागवली आणि शेरा मारला : कपाट हलवू नये.