आप्पांचा कंडक्टर

आप्पांची जीप सुरू व्हायची किल्लीने, पण हलायची कुत्र्याच्या परवानगीने.

इस्लामपुरातले आमचे हे शेजारी एस.टी.तून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले. कुत्र्याचं नाव त्यांनी ठेवलं होतं कंडक्टर. तो मागच्या सीटवरून दोनदा भुंकला की गाडी निघणार, एकदा भुंकला की थांबणार. एकदा माझी दाढ ठणकत होती, मिरजेला दवाखाना गाठायचा होता आणि कंडक्टरला झोप लागलेली. आप्पा वीस मिनिटं स्टिअरिंग धरून बसले. "डबल बेल झाल्याबिगर गाडी हलत न्हाई, मास्तर."

कंडक्टर म्हातारा झाला, मागचे पाय ओढू लागला. त्या उन्हाळ्यात आप्पांनी एकच धोसरा धरला, याला समुद्र दाखवायचा. कशाला, तर "ठरलंय." काही किनाऱ्यांवर कुत्र्यांना बंदी असते, असं त्यांच्या कानावर आलं होतं. माझी सासुरवाडी कोकणातली, त्यामुळे अरबी समुद्र म्हणजे आपलं परसदार, अशा थाटात मी बोलत असे. "ती पावसाळ्यात. मे महिन्यात खुशाल न्या," मी ठोकून दिलं.

आंबा घाट उतरून रत्नागिरीपलीकडच्या एका गावात पोचलो. किनाऱ्याच्या तोंडाशीच ग्रामपंचायतीची पाटी होती : दिवाळी ते मेअखेर कुत्री आणू नयेत. त्या दिवशी मेची तीस तारीख.

आप्पांनी मला 'मास्तर' म्हणायचं बंद केलं.

चूक निस्तरायला मी कंडक्टरला चादरीत गुंडाळलं, खांद्यावर घेतलं आणि आजारी पोर नेतोय अशा चेहऱ्याने निघालो. मी पाऊल उचललं मात्र, चादरीतून डबल बेल झाली. पंचायतीचा शिपाई धावत आला. आप्पांनीच त्याची माफी मागितली आणि कंडक्टरला माझ्याकडून काढून घेतलं. "दोन दिस थांबू. टायमिंग म्हंजे टायमिंग."

थांबलो. झोपायला जीप, सोबतीला डास. कंडक्टर खाईना. आप्पा त्याच्या तोंडाशी दुधात कुस्करलेली भाकरी धरायचे आणि पाटीकडे बघायचे. हा एक तारखेपर्यंत टिकेल का, हे विचारायचं मला धाडस झालं नाही.

एक तारखेला सकाळी आप्पांनी त्याला उचलून ओल्या वाळूवर ठेवलं. लाटेचं पाणी पायांना लागलं. तो दचकला, मग नाक वर करून बसून राहिला. अर्धा तास गेला. ऊन चढायच्या आत घाट गाठू या, असं मी सुचवलं.

"ह्यो पांडूचा कुत्रा, मास्तर," आप्पा म्हणाले.

पांडू म्हणजे आप्पांच्या गाडीवरचा खरा कंडक्टर. वारून दोन वर्षं झाली होती. रत्नागिरीच्या प्रत्येक फेरीला तो म्हणायचा म्हणे, पाच मिनिटं समुद्र बघून येऊ.

"बावीस वर्सं म्हणत हुता. दर खेपंला मी म्हणलं, टायमिंग हाय, गाडीत बस."

कंडक्टरने मान वळवून आमच्याकडे पाहिलं आणि एकदाच भुंकला.

आप्पा चपला काढून त्याच्या शेजारी वाळूत बसले. मग मीही बसलो.