गुडबायचं जपानी

दामूनानांना एखाद्या शब्दाचं जपानी विचारलं, की ते आधी विचारणाऱ्याचीच उलटतपासणी घ्यायचे. नऊ वर्षं कोबेला कापसाची प्रत ठरवण्याचं काम करून ते जळगावला परतले होते. चिमूटभर रुई बोटांत ओढून तंतूची लांबी बघायची सवय. शब्दही तसाच ओढून बघत. "आधी धागा पाहू," म्हणायचे.

मी तेव्हा चौदा वर्षांची. इंग्रजी शाळेत जात होते, म्हणजे शहाणपण नुसतं ओसंडत होतं. आमच्या म्हशीलाही मी रोज 'गुड मॉर्निंग' म्हणे. ती शेपटी मारी. माझं इंग्रजी संभाषण तेवढंच.

शाळेतल्या बाईंची धुळ्याला बदली झाली. निरोपसमारंभात माझ्या वर्गातली कुसुम संस्कृत श्लोक म्हणणार होती. तिला चीत करायला मला जपानीच हवं होतं. नाना शेजारीच.

"नाना, गुडबायला जपानीत काय म्हणतात?"

"कोण म्हणतंय?"

"मी. बाईंना."

"जातंय कोण?"

"बाई."

"परत येणार?"

"येऊ नयेत, अशी वर्गाची इच्छा आहे."

"चेष्टा नको. जाणारा वेगळं म्हणतो, राहणारा वेगळं. आधी धागा पाहू."

आतून त्यांची थोरली बहीण, अक्का, ओरडली, "दी टाक ना रे भाऊ एक शब्द! पोर दारमा उभी शे!"

नानांनी नाही दिला. तीन दिवस नाही. समारंभाच्या आदल्या दिवशी मी शेवटचा डाव टाकला. खाली मान घालून म्हटलं, "नाना, खरं सांगू? मीच चाललेय. लग्न ठरलंय माझं." खरं तर मला बघायला तोवर कावळासुद्धा फिरकला नव्हता.

नानांनी मला समोर बसवलं. मग म्हणाले, "इत्ते किमास म्हण. जाऊन येते. आपल्यासारखंच."

"आणि कायमचं जायचं असलं तर?"

"तरी तेच. मी तेच म्हटलं. कोबेला घरमालकीण म्हातारी होती. रोज कचेरीला निघताना मी म्हणायचो, ती दारातून म्हणायची, इत्तेराश्शाई. जाऊन ये. शेवटच्या दिवशी दुसरं काही तोंडातून निघेना. हातातली ट्रंक तिला दिसत होती. तरी तिनं रोजचंच उत्तर दिलं."

शब्द मिळाला होता, पण तो जाणाऱ्याचा होता आणि मी खोटं बोलून घेतला होता. दुसऱ्या दिवशी बाईंपुढे उभी राहिले, नुसता नमस्कार केला आणि खाली बसले. टाळ्या कुसुमला.

संध्याकाळी नानांकडे गेले. अक्कानं माझ्यासाठी चोळीचा खण काढून ठेवला होता. मला धरणीमाय आठवली.

"नाना, लग्नबिग्न काही नाही. मी खोटं बोलले."

वाटलं, आता कान उपटणार. नानांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं बराच वेळ पुसला.

"म्हणजे," ते म्हणाले, "उद्या येशील ना?"