शिंपली दंतमंजनातला मुलगा

टीव्हीच्या जाहिरातीत काम केलेला माणूस तुम्ही जवळून पाहिला नसेल, तर बोरीवलीला आमच्या सोसायटीत या आणि सुयोग कुठे राहतो म्हणून विचारा. लिफ्टमधली पोरंसुद्धा माझं दार दाखवतील. म्हणजे गेल्या महिन्यापर्यंत तरी दाखवत होती.

तुम्ही माझ्या वयाचे असाल तर ती जाहिरात तुम्हाला आठवेल. रविवारी मुलांसाठी ‘गंमतटेकडी’ लागायचं, त्यातलं मोज्याच्या बाहुलीचं गाढव यायच्या आधी काही सेकंद पडद्यावर समुद्र दिसायचा. वाळूत एक टकलू मुलगा पळतोय, मागून लाट येतेय, मुलगा वळतो आणि पुढचा पडलेला दात दाखवत खदाखदा हसतो. मग गाणं: ‘शिंपली, शिंपली, दाखवा बत्तिशी आपली!’

परळला आमच्या मजल्यावर एकाच घरात टीव्ही होता, लाकडी शटरचा. आम्ही चौदा-पंधरा मुलं जमिनीवर एकमेकांना रेलून बसायचो. टीव्ही ब्लॅक अँड व्हाइट, पण तो समुद्र मला निळाच दिसायचा. जाहिरात संपली तरी थोडा वेळ पायांना ओल लागल्यासारखं वाटायचं.

तो मुलगा मी नव्हतो. हे आधीच सांगून टाकतो.

झालं असं, की तेवीस वर्षांपूर्वी मी आणि कल्पिता अंधेरीच्या एका कुरियर कंपनीत कामाला होतो. ती वर्सोव्याची, कोळीवाड्यातली. एका संध्याकाळी मढच्या फेरीबोटीची वाट बघत आम्ही जेट्टीवर उभे होतो. पाणी सोनेरी झालं होतं, सुकत घातलेल्या बोंबलांचा वास येत होता, आणि ती सहज ‘शिंपली, शिंपली’ गुणगुणायला लागली. मला काय झालं कुणास ठाऊक. मी म्हणालो, “त्या जाहिरातीतला मुलगा मी आहे.”

तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, “खरंच? सांग ना.”

आणि मी सांगितलं. पाणी किती गार होतं, कॅमेरावाल्या काकांनी लिमलेटच्या गोळ्या कशा दिल्या, लाट बघून मी आधी कसा रडलो. फेरीबोट येऊन परत गेली, तरी मी सांगतच होतो. पुढच्या वर्षी आमचं लग्न झालं. मुलगी अपूर्वा झाली, तिला झोपवतानाही हीच गोष्ट. दर वर्षी गोष्टीत एक नवीन लाट यायची. फक्त सासूबाईंसमोर मी हा विषय कधी काढला नाही. मथुराआईंनी आयुष्यभर बाजारात मासे विकलेत. त्या डोळ्यांत बघूनच माल ताजा की शिळा ते ओळखतात, त्यामुळे त्यांच्यासमोर मी कमीच बोलतो.

गेल्या महिन्यात आमचे सेक्रेटरी चंद्रप्रकाशभाई घरी आले. “सुयोगभाई, वर्धापनदिनाला जुन्या टीव्हीचा कार्यक्रम करतोय. प्रमुख पाहुणे तुम्ही.”

नाही म्हणायची ती वेळ होती. पण अपूर्वा शेजारीच उभी होती आणि तिचा चेहरा असा काही उजळला, की मी मान डोलावली. म्हटलं, जाहिरात आता कुणाकडे असणार? आपण बोलायचं, टाळ्या घ्यायच्या, घरी यायचं.

कार्यक्रमाला हॉल भरला होता. पहिल्या रांगेत कल्पिता, आणि तिच्या शेजारी खास वर्सोव्याहून आणलेल्या मथुराआई. मी त्यांची नजर चुकवली. आणि माइक घेतला. गार पाणी सांगितलं, लिमलेटच्या गोळ्या सांगितल्या. हळूहळू मलाच तो समुद्र दिसायला लागला. लोक गप्प होऊन ऐकत होते. क्षणभर मला वाटलं, मी खरंच तिथे होतो.

तेवढ्यात अपूर्वा उठली. “बाबा, तुमच्यासाठी सरप्राइज आहे. साकीनाक्याला एक काका जुन्या कॅसेट दुरुस्त करतात. त्यांच्याकडे ‘गंमतटेकडी’चं रेकॉर्डिंग सापडलं.”

हॉलमधले दिवे बंद झाले. मी मनात म्हटलं, घाबरू नकोस, टक्कल केल्यावर सगळी पोरं सारखीच दिसतात.

पडद्यावर समुद्र आला. तोच. फक्त आता खरोखर निळा, कारण कॅसेट रंगीत होती. टकलू मुलगा पळत आला, लाट आली, मुलगा वळला आणि हसला. दोन्ही कानांत सोन्याच्या बारीक बाळ्या चमकल्या. मागे, जरा धूसर, एक तरुण बाई बोंबील वाळत घालत होती.

“अगो बाय,” अंधारात मथुराआईंचा आवाज आला, “ही तं आमची कल्पी.”

कुणीतरी दिवे लावले. मथुराआई पदराने डोळे पुसत होत्या. “उवा झाल्या म्हणून टक्कल केलेला हिचा. शूटिंगवाल्यांचा पोर पानी बघून पलाला, मंग हिलाच उभी केली. आमचे घरान टीवी कुठं होता तवा? आज पयल्यांदा बघतंय.” मग पडद्याकडे बोट दाखवून हळूच म्हणाल्या, “ती मागं मीच हाय.”

सगळा हॉल माझ्याकडे बघत होता. अपूर्वाचं तोंड उघडंच राहिलं होतं. माइक अजून माझ्याच हातात होता. मी म्हणालो, “मी खोटं बोललो. बायकोशी, मुलीशी, तुम्हा सगळ्यांशी.” आणि माइक ठेवून दिला.

जाहिरात पुन्हा लावा, असं आधी मथुराआई म्हणाल्या. ती पाच वेळा लावली. अपूर्वा पाचही वेळा आजीला बिलगून बसली होती. माझ्याकडे मात्र तिने रविवारपर्यंत पाहिलं नाही.

घरी आल्यावर मी कल्पिताला विचारलं, “जेट्टीवरच का नाही सांगितलंस?”

“आधी म्हटलं, बघू हा कुठवर जातोय,” ती केसांतला गजरा काढत म्हणाली. “मग तू इतकं छान सांगायला लागलास, की मोडवेना. मी सहा वर्षांची होते रे. आईकडून ऐकलं तेवढंच, मला स्वतःला त्या दिवसातलं काहीच आठवत नाही. आता डोळे मिटले की तू सांगितलेलंच दिसतं. त्या गोळ्यासुद्धा.”

“गोळ्या मी मनाने घातल्या होत्या.”

“माहितीये,” ती म्हणाली. “तरी चव आठवते.”

शाल आणि नारळ अर्थातच तिला मिळाले. मी सुधारलोय. आता कुणी विचारलं तर जे खरं आहे तेच सांगतो, की शिंपली दंतमंजनातल्या त्या मुलाशी माझं लग्न झालंय. त्यानंतर लोक फारसं काही विचारत नाहीत.