गिरिजाच्या ध्येयांचे साक्षीदार

गिरिजानं माझी पहिली सही घेतली तेव्हा मला तिचं नावही ठाऊक नव्हतं. आमच्या खालची खोली भाड्यानं घेऊन तिला दोनच दिवस झाले होते. मी नळाची वेळ सांगायला खाली उतरले, तर तिनं शिलाई मशिनीवरून मान वर केली आणि एक लांबट वही माझ्यापुढं सरकवली.

“काकू, हितं एक सही करा.”

“कशावर?”

“ध्येयावर.”

वहीत लिहिलं होतं, ‘सहा महिन्यांत दहा मशिनी.’ खाली ‘साक्षीदार’ आणि एक मोकळी रेघ. खोलीत मशिनी दोन होत्या, त्यातली एक बंद. पोस्टात नोकरी केलेली बाई मी, वाचल्याशिवाय सही करत नाही. पण इथं वाचूनही काही कळेना, म्हणून केली.

“एकट्यानं ठरवलेलं मोडता येतंय,” ती म्हणाली. “साक्षीला माणूस असलं की लाज वाटती.”

गिरिजा सव्वीस वर्षांची, गडहिंग्लजची. वडिलांचं तिथं किराणा दुकान. आईशी फोनवर कानडीत बोलते, गिऱ्हाइकांशी मराठीत आणि दोरा तुटला की मशिनीशी दोन्ही भाषांत. धंदा फुटबॉलच्या जर्सी शिवण्याचा. आमच्या कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत पोरं चालायच्या आधी लाथ मारायला शिकतात, तेव्हा जागा तिनं हेरून निवडली होती.

वहीतली ध्येयं वाढत गेली, तसे साक्षीदारही. दूधवाला, भाजीवाली, गॅसची टाकी आणणारा, सगळ्यांनी सह्या केल्या. एकदा पत्ता विचारायला थांबलेल्या माणसालाही तिनं सोडलं नाही. “पावणं, पत्ता सांगतो, आधी सही करा.” (आमच्याकडे बायकाही ‘सांगतो’च म्हणतात.) तो बिचारा लग्नाला आला होता. ‘दोन वर्षांत कोल्हापुरातली प्रत्येक टीम’ याला साक्षीदार होऊन गेला.

ध्येय चुकलं की ती पेढे वाटायची. चुकल्यावर, हं. मी म्हटलं, “अगं, पेढे जमल्यावर वाटतात.”

“जमल्यावर लोक आपणहून गोड बोलत्यात की. चुकल्यावर तोंड गोड करायला लागतंय.”

पहिल्या वर्षी आम्ही इतके पेढे खाल्ले की आमच्या ह्यांची साखर वाढली. डॉक्टरांनी विचारलं, “घरात काही कार्य होतं का?” हे म्हणाले, “नाही, खालच्या मुलीची ध्येयं.”

एकदा दोन हाडवैरी तालमींच्या फुटबॉल टीमच्या जर्सी तिच्याकडे एकाच आठवड्यात आल्या. तिनं खोलीत मधोमध जुनी चादर बांधली. अलीकडे एक टीम, पलीकडे दुसरी. एका कर्णधारानं चादर वर करून पलीकडे पाहिलं आणि दरडावून विचारलं, “तू नक्की कुणाच्या बाजूची?”

“शिलाईच्या,” ती म्हणाली आणि चादर खाली केली.

तिशीच्या आत तिला ब्राझीलला माल पाठवायचा होता. त्यालाही मीच साक्षीदार. मी विचारलं, “त्यांच्याकडे जर्सी नाहीत का?”

“हायत की. पण शिलाई बघितलीया का तुम्ही? टीव्हीवर नीट बघा, बगलेत वढतंय.”

तेव्हापासून मला फुटबॉलमध्ये बगलाच दिसतात.

तिसऱ्या पावसाळ्यात पुण्याच्या एका कंपनीनं तिला बोलावलं. सहाशे जर्सी. गुरुवारी सकाळी स्वतः जाऊन नमुना दाखवायचा. ते काम मिळालं असतं तर दहा मशिनी खरोखर आल्या असत्या. तीन वेळा नमुना शिवून तिनं तीन वेळा उसवला. बुधवारी दुपारी गगनबावड्याकडच्या एका शाळेतल्या मॅडमचा फोन आला. मुलींची टीम पहिल्यांदाच स्पर्धेत उतरणार होती, सामना रविवारी. चौदा जर्सी हव्या होत्या. मॅडमनी मोबाइलवर यादी धाडली : पाच लहान, सहा मध्यम, तीन मोठ्या.

गिरिजानं मला यादी दाखवली. “ही काय मापं हायत, काकू? भाजी हाय व्हय?”

“अगं, यादीवरून शीव आणि पुण्याला जा,” मी म्हटलं. मी चांगलीच रागावले होते. “तीन वर्षं कशासाठी सह्या घेतल्यास आमच्या?”

“उद्या मापं घेतली तरच रविवारपातूर हुतंय.” तिनं पुण्याला फोन लावला, शुक्रवारी आले तर चालेल का विचारलं. पलीकडून काय उत्तर आलं ते तिच्या तोंडावरूनच कळलं. फोन ठेवून ती म्हणाली, “ती सहाशे माणसं काय उघडी फिरत न्हाईत.”

गुरुवारी ती पहाटेच्या एसटीनं त्या शाळेत गेली. पुण्याचं काम दुसऱ्या कुणाला मिळालं. शनिवारी चौदा जर्सी तयार झाल्या आणि रविवारी त्या पोरी पहिल्याच सामन्यात चार गोलांनी हरल्या. हे सगळं आताच सांगून टाकते, कारण मला सांगायची आहे ती गुरुवारची संध्याकाळ.

ती भिजून परत आली होती. मी चहा घेऊन खाली गेले. अंगात कुणीतरी नापास केलेली, तिच्या दीडपट मापाची जर्सी. मापांचा कागद प्लास्टिकच्या पिशवीत कोरडा.

“एक पोरगी पुढंच येईना,” ती म्हणाली. “म्हटलं, काय झालं? तर म्हणती, ताई, माझं माप कुणी घेतलंच न्हाय कधी. कसं हुबं ऱ्हायाचं?”

तिनं चहाचा घोट घेतला.

“माझं बी न्हाय, काकू. चौघी बहिणी, मी तिसरी. दोन अक्कांच्या अंगावरनं उतरलं की माझ्या अंगावर.”

“पण तू तर स्वतःच शिवतेस की.”

“शिवतो. पण आपलं माप आपल्याला घेता येत न्हाय. हात हलला की टेप सरकती.”

मी कप खाली ठेवला आणि तिच्या गळ्यातली टेप काढली. ती हसली, नको नको म्हणाली. मग हात जरा बाजूला करून भिंतीकडं तोंड करून ताठ उभी राहिली. दिवसभर तोंड न मिटणारी ती मुलगी श्वास धरून उभी होती.

“सैल उभी राहा गं,” मी म्हटलं.

खांद्याचं माप मी दोनदा घेतलं. पहिल्यांदा काही चुकलं नव्हतं.