न्हाणीच्या दाराची जाहीर पाहणी

लाकूड मुळात अपुरं असतं. झाडावर असतं तोवर ते पूर्ण आहे असं वाटतं खरं, पण तो आपला गैरसमज. फळी झाल्यावर तिच्यातून योग्य तेवढं काढून टाकलं म्हणजे ती पूर्ण होते. आणि सगळंच काढून टाकता आलं तर ती परिपूर्ण होईल. एवढं साधं तत्त्व माणसाला कळायला १९७१ साल उजाडावं लागलं. त्या साली सोलापुरात हौशी जाळीकाम मंडळाची स्थापना झाली.

जाळीकाम म्हणजे पातळ फळीवर कार्बन कागदाने नक्षी उतरवायची, गिरमिटाने भोक पाडायचं, त्यात दोऱ्याएवढं बारीक पातं ओवायचं आणि नको असलेलं लाकूड कापून पाडायचं. (नको असलेलं कोणतं होतं, हे कापल्यावर कळतं.) मग काचकागदाने घासायचं आणि पॉलिश लावायचं. सात रस्त्याजवळ एका सायकल दुकानाच्या मागच्या खोलीत मंडळाचं यंत्र आहे. जुन्या शिलाई मशीनच्या पायट्यावर करवत बसवलेली. पाय हलवला की पातं वर-खाली होतं. सदस्य एकतीस. त्यातले बहुतेक गिरणीतून निवृत्त झालेले विणकर. कापडात एक भोक सापडलं तर ज्यांना तीस वर्षं साहेबाच्या खोलीत उभं केलं जाई, त्यांना आता भोकासाठी शाबासकी मिळू लागली. माणसाच्या आयुष्यात न्याय उशिरा का होईना येतो.

मी या मंडळाचा चिटणीस. बावन्नाव्या वर्षी साक्षरता वर्गात लिहायला शिकलो आणि त्याच महिन्यात चिटणीस झालो, कारण बाकीच्यांना लिहिण्याचा कंटाळा आलेला होता.

१९७४ सालात मंडळाने २१४ वस्तू तयार केल्या. मोर ८८, हंसाच्या जोड्या ४१, ओम ३०, किल्ल्या अडकवायच्या फळ्या २६, 'सुस्वागतम' १९, इतर १०. (किल्ल्यांच्या फळ्या सदस्यांकडच्या कुलपांपेक्षा अकरांनी जास्त झाल्या. तेव्हा अकरा सदस्यांनी कुलपं विकत आणली.) या वस्तूंवर मिळालेले लेखी अभिप्राय ६४२०. करणाऱ्याने स्वतःच्या वस्तूवर लेखी अभिप्राय देऊ नये असा नियम आहे. तो तोंडी देतो.

जाळीकामात खरं कष्टाचं काम कापण्याचं नाही, दाखवण्याचं आहे. म्हणून पाहणीचे नियम कडक आहेत. पाहणी झाल्याशिवाय वस्तू पूर्ण झाली असं धरत नाहीत. वस्तू जिथे लावायची असेल तिथे लावूनच पाहणी करायची. पाहणाऱ्याने अभिप्राय दिल्याशिवाय जागेवरून उठायचं नाही, आणि अभिप्राय 'छान'च्या खाली जाता कामा नये. एका कंपाउंडर सदस्याने एकदा एका नंदीबद्दल 'बरं आहे' असं लिहिलं होतं. त्याला कोणी काही बोललं नाही. फक्त त्याच्या स्वतःच्या हंसांकडे अकरा आठवडे कोणी मान वळवली नाही. बाराव्या आठवड्यात तो आला आणि त्याने 'बरं' खोडून 'अवर्णनीय' लिहिलं. मला स्वतःला जोडाक्षरं नुकतीच यायला लागली होती, म्हणून मी सगळ्याच वस्तूंना 'अप्रतिम' लिहीत असे.

वस्तूची प्रत ठरवण्यासाठी वाण्याचा तराजू वापरतात. फळी कापण्याआधी तोलायची, कापल्यावर तोलायची. जेवढं वजन गेलं तेवढी कला आली. साधारण सदस्य चाळीस टक्क्यांपर्यंत जातो. अध्यक्ष हिंदुराव एकदा अठ्ठावन्नपर्यंत गेले होते. तो मोर आता फुंकर मारली तरी हलतो, म्हणून त्याच्यासमोर बोलायला बंदी आहे.

आता सिद्धलिंगप्पांच्या दाराकडे वळू.

सिद्धलिंगप्पा हे मंडळाचे ज्येष्ठ सदस्य. गिरणीमागच्या एका बोळात त्यांचं दोन खोल्यांचं घर आहे आणि परसात न्हाणी. बोळातली सगळी माणसं या न्हाणीवरूनच नळावर जातात. न्हाणीला दार नव्हतं, तरट होतं. वारा आला की तरट वाऱ्याबरोबर जायचं. त्यांच्या पत्नी नागव्वा एका हाताने तरट धरून दुसऱ्या हाताने तांब्या ओतत. असं सहा वर्षं चाललं होतं. बाई लिंगायत घरातल्या, नेमाच्या. अंघोळ झाल्याशिवाय लिंगपूजा नाही आणि पूजा झाल्याशिवाय तोंडात चहाचा घोटही नाही. म्हणजे त्यांच्या दिवसाची सुरुवातच त्या तरटाच्या हातात होती. सहा वर्षांनी त्यांनी नवऱ्याकडे दार मागितलं.

दार मागताना ते भरीव असावं असं नागव्वांनी स्पष्ट सांगितलं नव्हतं, ही गोष्ट मंडळाच्या दप्तरात नोंदलेली आहे.

सिद्धलिंगप्पांनी सात महिने खपून दार केलं. एवढी मोठी फळी यंत्रात फिरत नाही, म्हणून बारा तुकडे वेगवेगळे कापून सरसाने जोडले. पाती मोडली एकसष्ट. दारावर चौदा मोर, प्रत्येक मोराच्या चोचीत वेल, वेलीवर फुलं, फुलांत पुन्हा भोकं. फळी नऊ किलोची होती, दार अडीच किलोचं झालं. बहात्तर टक्के लाकूड गेलं. असा आकडा महाराष्ट्रात कोणी गाठला असल्याचं मंडळाला माहीत नाही. (मंडळाने चौकशी केलेली नाही.)

दार बसवलं तेव्हा मी तिथे होतो. नागव्वा थोडा वेळ दाराकडे बघत राहिल्या. मग आत गेल्या, दार लावून घेतलं आणि आतून विचारलं, "आवो, मी दिसतीया का?"

"दिसतीस की!" सिद्धलिंगप्पा हरखून म्हणाले. "आक्खी दिसतीस. एक पाकळी मधी येत न्हाय. सफाई बग!"

"अय्यो शिवने. मग ह्येला दार का म्हनायचं?"

"बिजागऱ्या हायेत की त्येला."

पहिल्या रविवारच्या पाहणीला सगळे सदस्य हजर होते. हिंदुरावांनी चष्मा पुसला, दाराजवळ गेले, लांब आले, पुन्हा जवळ गेले. "सिद्धलिंगप्पा," ते म्हणाले, "दार हाय, आनि न्हाय बी. ह्येला काम म्हनत्यात." तीसही सदस्यांनी अभिप्राय लिहिले.

सोमवारी नागव्वांनी दाराच्या आतल्या बाजूने ते जुनं तरट पुन्हा टांगलं. मंडळाला हे पुढच्या रविवारी समजलं आणि ठराव क्रमांक चौदा करावा लागला: 'कलाकृतीच्या मागे तरट लावल्याने भोके भरल्यासारखी दिसतात व बहात्तर टक्के कामाचा अवमान होतो. सबब पाहणीच्या वेळेत तरट काढून ठेवावे.' वारा आणि मंडळ यांचं तरटाबाबत एकमत झालं.

नागव्वांची शेजारीण दगडाबाई. तिच्या न्हाणीला पत्र्याचं दार आहे. ठराव झाल्यावर ती भिंतीपलीकडून म्हणाली, "माज्या दाराला आजवर कुनी वा म्हनलं न्हाय गं. पन कुनी वाकून बी बगितलं न्हाय."

"तुज्या मालकाला कसला छंद हाय?" नागव्वांनी विचारलं.

"झोपायचा."

"नशीब लागतं बाई."

मंडळाचं मन मोठं आहे. गृहिणीचाही सन्मान व्हावा म्हणून आम्ही त्या तीस अभिप्रायांची मोठ्या अक्षरात प्रत काढली, एका पानावर एक, आणि ती पानं नागव्वांना समारंभाने दिली. त्यांनी ती नमस्कार करून घेतली. त्याच दुपारी विणकराच्या घरची घट्ट खळ शिजवली आणि तीसही पानं दाराला आतून चिकटवली. एकेका मोरावर दोन-दोन अभिप्राय बसले, दोन पानं फुलांना पुरली. दाराला दारपण आलं. मंडळाच्या अभिप्रायाचा कोणाला उपयोग झाल्याची ही पहिलीच नोंद.

तीन दिवस नागव्वांनी दोन्ही हातांनी अंघोळ केली.

पण पानं आतून चिकटवली असली तरी लिहिलेली बाजू भोकांकडे होती. अभिप्राय बाहेरून वाचता येतात असं कळल्यावर सदस्य आपापला अभिप्राय बघायला येऊ लागले. रविवारची वाट कोण बघतो? बुधवारी आले, गुरुवारी आले. आपलं पान सापडलं की मोठ्याने वाचत. आतून नागव्वा विचारायच्या, "कोन हाय?" बाहेरून उत्तर जायचं, "मी हाय वैनी, अभिप्राय क्रमांक सतरा. चालू द्या तुमचं." शुक्रवारी वाफेने खळ सुटली. सर्वांत आधी माझा 'अप्रतिम' गळून पडला. शनिवारपर्यंत दारावर फक्त कंपाउंडरचं मत शिल्लक होतं, आणि तेही एका टोकाने लोंबत होतं.

रविवारच्या पाहणीत आणखी एक गंभीर गोष्ट आढळली. खालच्या दोन मोरांच्या माना जोडातून ढिल्या झाल्या होत्या. हिंदुरावांनी बोट लावून पाहिलं, बोट नाकाशी नेलं आणि निदान केलं: पाणी. सरसाला पाणी सोसत नाही. न्हाणीत पाण्याचा वापर होत असल्याचं तेव्हा प्रथमच उघडकीला आलं. ठराव क्रमांक पंधरा एकमताने मंजूर झाला: 'कलाकृतीच्या सुरक्षिततेसाठी सदर न्हाणीत पाणी वापरू नये.'

"चार-सा महिने दगडाबाईकडं जा की अंगूळीला," सिद्धलिंगप्पा बायकोला समजावून सांगू लागले. "दार नीट वाळू दे."

"तिच्याकडं ऐतवारी लेक-जावई येत्यात, पाच पोरं घिऊन. मी कवा जाऊ? आनि जेवू कवा?" नागव्वांचा आवाज चढला. आम्ही सगळे उभे होतो, तरी चढला. "मी सोनं मागितलं का तुमाला? लुगडं मागितलं का? दार मागितलं."

"मग दिलं की दार."

नागव्वांनी नवऱ्याच्या दंडाला धरलं, न्हाणीत नेलं आणि अंघोळीच्या दगडावर बसवलं. "हितं बसा. आता भायेर बगा." आणि दार ओढून घेतलं.

सिद्धलिंगप्पा दगडावर बसले. दारातून त्यांना काय काय दिसत असेल ते आम्हाला बाहेरून मोजता येत होतं: नळ, नळावरच्या कळशांची रांग, रांगेतल्या बायका, सायकल हातात धरून थांबलेले दोघे, दगडाबाई, आणि ओळीने उभे असलेले मंडळाचे एकोणतीस सदस्य व अध्यक्ष. सिद्धलिंगप्पांचा चेहरा हळूहळू बदलत गेला. हात गुडघ्यांवर आले, खांदे आत गेले. एवढा मोठा माणूस, अंगावर धोतर, सदरा, टोपी असताना, आक्रसून बसला. नागव्वा बघत होत्या. मला वाटलं, आता हा माणूस उठेल आणि बाजारातून एक साधी फळी घेऊन येईल.

बऱ्याच वेळाने ते उठले. बाहेर आले. डोळे भरून आले होते.

"आण्णा," ते हिंदुरावांना म्हणाले, "आतनं बी तेवढंच नाजूक आलंय!"

मंडळात खळबळ उडाली. आजवर कोणत्याही वस्तूची मागच्या बाजूने पाहणी झालेली नव्हती. ठराव क्रमांक सोळा: 'यापुढे पाहणी दोन्ही बाजूंनी व्हावी. बाहेरची उभ्याने व आतली दगडावर बसून. एका वेळी एक जण.' नागव्वा घरात गेल्या, आणि चुलीवर पाणी तापत होतं त्याखालचं लाकूड त्यांनी बाहेर ओढलं. त्या दिवशी त्यांनी अंघोळ केली ती दगडाबाईचे पाहुणे गेल्यावर, दिवेलागणीला. चहाही तेव्हाच.

त्यानंतर काम वाढलं. रविवारी नऊ ते बारा ही वेळ पुरेना, म्हणून एक केली, मग दोन, आता तीन. कुर्डुवाडीहून रेल्वेतली सहा माणसं आली, त्यांनी वर्कशॉपात बातमी नेली, मग आणखी बावीस आली. प्रत्येक जण दगडावर बसतो, चौदा मोर मोजतो (तेरा भरतात, मग पुन्हा मोजतो), आणि अभिप्राय लिहून उठतो. नागव्वांनी दुसरं दार मागितलेलं नाही. सिद्धलिंगप्पांनी आपणहून विचारलं होतं, "खिडकी करू का?" तेव्हापासून त्या घरात लाकडाचं नाव काढत नाहीत.

बाहेरगावच्या पुष्कळ लोकांना प्रवास झेपत नाही. त्यांची पत्रं येतात. म्हणून मागच्या बैठकीत असं ठरलं, की चिटणीसाने दाराची पाहणी लिहून काढावी, आणि ती शेवटपर्यंत वाचणाऱ्याला प्रत्यक्ष पाहणारा म्हणूनच धरावं. त्याप्रमाणे मी हे लिहिलं आहे.

आपला क्रमांक चारशे अठरा. आपण दार बाहेरून पाहिलं, मग आत येऊन पाहिलं. घाई केली नाही. मधे दोनदा हसलातही, त्याची नोंद घेतली आहे. रविवार आहे, अडीच वाजलेत. दाराबाहेर नागव्वा बादली घेऊन उभ्या आहेत. तुम्हाला दिसतायत, बहात्तर टक्के. पाणी तिसऱ्यांदा तापवून आणलंय. (ठराव क्रमांक पंधरा त्यांनी अजून मान्य केलेला नाही.) त्या तुम्हाला काही बोलणार नाहीत, कारण आलेल्या माणसाला ऊठ म्हणायची त्यांच्या घरी रीत नाही. आणि नियमाप्रमाणे अभिप्राय दिल्याशिवाय तुम्हाला त्या दगडावरून हलता येत नाही.

तेव्हा जे काय 'छान' म्हणायचं असेल ते म्हणा, आणि उठा.