बेबीआत्याचं चार नंबर चॅनेल

आमची बेबीआत्या स्वतःच्याच विमानाला टाटा करते. विमान थर्माकोलचं, आत चिटपाखरू नाही, खाली रिमोट घेऊन उडवणारी ही स्वतः. तरी उतरवण्याआधी ते डोक्यावरून नेणार आणि हात उंच करून जोरजोरात हलवणार. एकदा म्हटलं, "आत्या, लोक हसतात." तर म्हणे, "हसू देत की. दात त्यांचे, हात माझा."

आत्या पेणच्या टेलिफोन एक्स्चेंजमधून रिटायर झाली. लग्न केलं नाही. रिटायर झाल्यावर बायका देवदर्शनाला जातात, हिने कॅमेऱ्याचं विमान आणलं. दर रविवारी मी तिला स्कूटरवरून निडीला न्यायचं. आता पेणला काय मोकळी जागा नाही? पण नाही! वडखळच्या ट्रकांची धूळ खात निडीच्याच शेतात जायचं. उडवून झालं की "पाय मोकळे करून येते" म्हणून ही अर्धा तास गायब, आणि मी बांधावर बसून माश्या मारायच्या.

शेतात पोचल्यावर आधी विमानाला हात लावलात तर खबरदार! "आधी डोळा, मग पंख!" डोळा म्हणजे रिसिव्हर, विमानातल्या कॅमेऱ्याचं चित्र जमिनीवर पकडणारी डबी. ती बांबूच्या टोकाला बांधायची, अँटेना सरळ उभी करायची, चॅनेल चार लावायचं, मगच विमानाला बॅटरी. मग मी विमान डोक्यावर घेऊन बांधाबांधाने चालायचं आणि ही डोळ्यांना गॉगल लावून, त्यात चित्र बघत ओरडणार, "चित्रात मुंग्या आल्या! झाडाआड जाऊ नको, मेल्या!" वालाच्या शेंगा तोडणाऱ्या बायका माझ्याकडे बघून पदर तोंडाला लावतात.

गेल्या रविवारी मात्र जुंपली. रोह्याला कंपनीत शिफ्ट करणारे कदम म्हणून एक गृहस्थ त्यांचं विमान घेऊन आधीच येऊन बसले होते. त्यांचंही चॅनेल चार. एकाच चॅनेलवर दोन विमानं उडवली तर चित्रावर चित्र चढतं आणि दोघंही आंधळे.

"मावशी, तुम्ही सहावर जा ना," कदम म्हणाले.

"नाय जाणार."

"का पण?"

"चार म्हणजे चार."

मला लाज वाटली आणि रागही आला. "आत्या, एक बटण तर दाबायचंय! एवढा कसला हट्ट?"

"बटण माझ्याकडं हाय रे. तिच्याकडं नाय."

ती कोण, हे विचारेपर्यंत कदमांनी वैतागून आपल्या विमानाला बॅटरी जोडली. लगेच आत्याचा फोन वाजला. गॉगल सांभाळताना तिने तो स्पीकरवर टाकला, आणि एका म्हातारीचा आवाज शेतभर झाला, "बेबी गो, माझं शेत कुठं गेलं? मला कुणाच्या तरी मळक्या चपला दिसतायत!"

आम्ही तिघांनी कदमांच्या चपलांकडे पाहिलं. त्यांचं विमान त्यांच्या पायांशीच ठेवलेलं होतं.

ती कुसुम, आत्याची शाळेतली मैत्रीण. समोरचं कौलारू घर तिचं, हे शेतही तिचंच. खळ्यात पडली, खुबा मोडला, तेव्हापासून खाटेवर. आत्याने तिच्या टीव्हीला दुसरा रिसिव्हर जोडून दिलाय, चारवर लावून. घरचे कामाला गेले की बटण बदलायला कोणी नसतं.

"मला सांगायचंस तरी!" मी म्हटलं.

"तिनं शपथ घातली होती. पडलेली बाई बघायला कोण नको म्हणाली."

 कदमांनी बॅटरी काढून घेतली आणि ते बांधावर बसले.

आत्याने विमान सोडलं. फोनवर कुसुममावशीचा अंमल सुरू झाला, "खाली घे जरा... अगो, तो बांध फुटलाय! कोण बघतं का नाय?... वाल बरा आलाय हां. व्हय, बरा आलाय." आणि मग, "आता तू दिस."

विमान आमच्या डोक्यावर आलं. आत्याने हात उंच केला. मीही केला. आणि बघतो तर कदमसुद्धा उभे राहून दोन्ही हात हलवतायत.

"दिसलीस गो. तुझ्या बाजूला कोण?"

"माझा भाचा."

"आणि तो?"

"चपलावाला."

 मग आवाज आला, "घेऊन ये दोघांना. चहा पिऊन जाऊ देत." आणि जरा हळू, "परत एकदा हलव गो हात. मघाशी नीट बघायचा राहिला."

आत्याने परत हात हलवला. गॉगलखालून पाणी गालावर उतरत होतं. पुसणार कशी? एक हात रिमोटवर होता आणि दुसरा कुसुमसाठी.